न थरथरणारा ट्रायपॉड

रोमिना,

गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. मी विकुन्या गावी साबिनोकडे चाललोय. ओव्हनमध्ये मक्याचा पास्तेल आहे, तो सगळा संपव.

रागावू नकोस, पण तू आणलेला ट्रायपॉड मी परत खोक्यात भरलाय. दिसायला छान आहे, पण तुझ्या आईची दुर्बीण त्याला पेलत नाही. काल दुर्बिणीला बोटाने टिचकी मारली, तर नऊ अंक मोजून झाले तरी शनी थरथरतच होता. दोन मोजेपर्यंत तो स्थिर झालाच पाहिजे, असा आईचा नियम होता. पाय आखूड केले, मधे दगडांची पिशवी टांगली, तरी वारा आला की पुन्हा तेच.

साबिनो पूर्वी कालव्यांची मोजणी करायचा. त्याचा जुना लाकडी ट्रायपॉड तो देतोय. फोनवर विचारलं, "जड आहे ना?" तर म्हणाला, "तुझ्यासारखाच आहे. एकदा बसला की हलत नाही." मग काय, ठरलं.

शनिवारी सगळी गल्ली बघायला येणार आहे, आई गेल्यावर पहिल्यांदाच. "ओलायाची दुर्बीण बिघडली," असं कुणी म्हटलेलं मला ऐकवणार नाही.

पाचच्या बसने येतो. थांब्यावर ये, एकट्याला ते धूड उचलवणार नाही. आणि वर दुर्बीण बसवताना एकाने ती धरायची, दुसऱ्याने खालून स्क्रू आवळायचा. ते आई आणि मी करायचो. तुझं उद्याचं तिकीट रविवारचं करून मिळतं का, बघशील?

बाबा