पापड लाटताना सांगितलेली कादंबरी

४ मे
धुळे. आले एकदाची माहेरी! शाळेच्या ग्रंथालयातून पिशवीभर कादंबऱ्या आणि नाटकं आणलीत. जळगावात वर्षभर आठवीच्या पेपरांशिवाय काही वाचलं नाही — मराठीची शिक्षिका म्हणे! दुपारी कुणी हाक मारायची नाही, असं आईला बजावलंय.

५ मे
आईनं हाक मारलीच. पापड लाटायला गल्लीतल्या बाया जमलेल्या. "एकटीच काय वाचत बसतेस? आम्हालाही सांग की." मग सकाळी वाचलेलं नाटक सांगितलं, त्यातल्या सासऱ्याचा आवाज काढून. शेजारच्या कमलबाईंच्या हातातलं लाटणं हसता हसता निसटलं. "उद्या बी सांगजो, बाई!" वर्गात असं कोण ऐकतं? फुगलेच मी.

८ मे
आता कादंबरी. सकाळी वाचायची, दुपारी तेवढीच सांगायची. तिच्यातली रत्ना नवऱ्याच्या माराला कंटाळून घर सोडते.
आज कमलबाईंची सविता पहिल्यांदा येऊन बसली. धरणगावला दिलीय, होळीपासून माहेरी आहे. का, ते सगळी गल्ली जाणते, विचारत कुणी नाही. तिनं एक पापड लाटला नाही. नुसती ऐकत होती. मी जरा थांबले की, "मंग काय व्हयनं?" — पुढे काय झालं हे विचारणारी सगळ्यांच्या आधी तीच.

१० मे
सकाळी कादंबरी संपली. रत्ना परत जात नाही! दुसऱ्या गावात खोली घेते, दारावर स्वतःचं नाव लावते. काय आनंद झाला मला!
आणि दुपारी? तोंड उघडलं तर समोर सगळ्या बाया, कमलबाई अगदी पुढे. वाटलं, म्हणतील — मास्तरीण असली पुस्तकं वाचते, लेकीबाळींना बिघडवते. भ्याले. सांगून मोकळी झाले : नवरा रडत आला, पाया पडला, रत्ना त्याच्याबरोबर घरी गेली. बायांनी पदरानं डोळे पुसले. "देख सविता, ती बी गयी ना घर!" — कमलबाई. सविता पिठाकडे बघत राहिली.
गोष्टच तर आहे, असं स्वतःला समजावतेय. पटत नाही.

१३ मे
सविता धरणगावला गेली.

१४ मे
कमलबाई पेढे घेऊन आल्या. "तुन्ही गोष्टनी काम करं, बाई." माझ्या गोष्टीनं काम केलं म्हणे! पेढा न खाता फडताळात ठेवला. संध्याकाळी खरं सांगायला त्यांच्या दारापर्यंत गेले आणि वाटीभर साखर मागून परत आले. लाज वाटते. मुलांना वर्गात सांगते — निर्भयपणे बोला!

१६ मे
ती कादंबरी सापडत नाही. पिशवी उलटी केली, पलंगाखाली पाहिलं. हरवली तर बरंच, असंही क्षणभर वाटलं. शी!

१९ मे
सविताचा फोन. "ताई, पुस्तक मी नेलं होतं, न विचारता. रत्नाचा नवरा रडत येतो ना, ते पान मला वाचायचं होतं. सापडलंच नाही."
मी फोन घेऊन अंगणात आले.
"काल शेवटपर्यंत वाचलं." मग हळूच, मलाच सांभाळून घेत — "तुम्ही शेवट वाचला नव्हता ना, ताई?"
"नव्हता," मी म्हणाले.
तिच्या मागे एसटीचा कंडक्टर ओरडत होता — धुळे, धुळे!