पाच दिवस अडलेला कौल

॥ श्री भैरवनाथ साक्ष ॥

मौजे करंजखिंड, वेल्ह्याची बाजू, संस्थान भोर, येथे राहणारा मी चिमाजी रखमाजी गुरव, वय अदमासे बाहत्तर, धंदा देवाची पूजा, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो ऐसाजे. माझे डोळे अधू झाले आहेत, डोके ठिकाणावर आहे. आज सकाळी देवाला मी स्वतः पाणी घातले, आणि ज्ञानू मास्तरांनी परीक्षा म्हणून एकोणिसाचा पाढा विचारला तोही म्हटला. हे मी कोणाच्या धाकाने लिहीत नाही. धाकाने जे करायचे ते अठरा वर्षांपूर्वी एकदा करून बसलो आहे, आणि तेच सांगण्यासाठी हा कागद करतो. लिहिणार ज्ञानू मास्तर. मी बोलेन तसे लिहावे, सुधारू नये, असे त्यांना बजावले आहे.

कलम पहिले. माझे राहते तीन खणांचे घर पुतण्या भिमा यास द्यावे. तो माझ्या मयत भावाचा मुलगा, लहानपणापासून माझ्यापाशी वाढला. मात्र कलम पाचमधली अट त्याने पाळली तरच. कामथडीस दिलेली माझी मुलगी बनाबाई हिला तिच्या आईची, म्हणजे माझी मयत बायको बाळाबाई हिची, नथ आणि तांब्याचा हंडा द्यावा. हंड्यावरून भिमाने कुरकुर करू नये.

कलम दुसरे. देवाची इनाम जमीन या कागदात नाही, कारण ती पूजेबरोबर येते आणि पूजेबरोबर जाते, माझी नव्हे. एके काळी मी ती माझी समजत होतो. सगळा घोटाळा तिथूनच झाला.

कलम तिसरे. माझी सनई वरवे बुद्रुकचा गेनू गुरव यास द्यावी. कोण बरा वाजवतो यावरून आमचे वीस वर्षे बोलणे नाही. तो बरा वाजवतो. हे मी जिवंतपणी कबूल केलेले नाही व करणार नाही.

कलम चौथे. हे कलम मोठे आहे. ऐकणाऱ्यांनी बसून घ्यावे.

शके १८४६ च्या चैत्रातली गोष्ट. आनंदराव तेव्हा गावचा पाटील होता. गाव त्याच्या वेठीला होता. त्याची भातखाचरे आधी लावायची, मग आपली. गावाच्या वर, पठारावर, धनगरांची चार घरे आहेत. त्यातली सारजाबाई म्हादू ढेबे ही विधवा. पदरी एक मुलगी, वीसेक मेंढरे, आणि घरामागे एक झरा, जो वैशाखातही आटत नाही. तो झरा पाटलाला आपल्या खाचरांत उतरवून हवा होता. बाईने नाही म्हटले. मग तिची मेंढरे दोनदा कोंडवाड्यात गेली. मग तिचा मेंढरे कोंडायचा वाडगा जळाला, कसा जळाला ते कोणी पाहिले नाही. मग दवंडी झाली की तिला कोणी विस्तव देऊ नये, पाणी देऊ नये, हाक मारू नये. आम्ही ते सगळे पाळले. मीही पाळले.

ती कचेरीत गेली. तेथे कागद कोणापाशीच निघाला नाही, तेव्हा ठरले की देवापुढे निकाल व्हावा. पाटलाने लगेच मान्य केले. का, ते मला त्याच सायंकाळी कळले. तो माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "चिमाजी, आयतवारी देवानं उजवी दिली पायजे. न्हाईतर आखाडापास्नं पूजा तुझ्या चुलतभावाची."

हा कागद उद्या परगावी कोणी वाचला तर त्यास समजावे म्हणून कौल काय ते सांगतो. देवाला अंघोळ घालून त्याच्या दोन्ही खांद्यांवर एकेक कळी नुसत्या पाण्याने चिकटवायची. प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कौल लागला की तो सुटेपर्यंत देवाला हात लावायचा नाही, दुसरे काही विचारायचे नाही.

त्या रविवारी सकाळी मी कण्हेरीच्या दोन कळ्या घेतल्या. डावीच्या देठाला मधाच्या पोळ्याचे मेण लावून ती शेंदरात दाबून बसवली. उजव्या खांद्यावर तेलाचे बोट फिरवले, म्हणजे ती पटकन सुटावी. माझा हात कापला नाही. तो कापायला हवा होता.

सारा गाव जमला. सारजाबाई मुलीला घेऊन खालच्या पायरीवर बसली. मी विचारले, "देवा, झरा पाटलाचा आसंल तर उजवी दे, सारजाबाईचा आसंल तर डावी दे." आणि वाट पाहिली.

उजवी पडली नाही.

तेलावर, गुळगुळीत दगडावर, ती कळी तशीच राहिली. ऊन अंगणातून फिरून भिंतीवर चढले. पाटलाने मला तीनदा विचारायला लावले. कौल अडला असता उठून जाण्याची आमच्याकडे रीत नाही; तरी दुपार कलल्यावर माणसे एकेक करून गेली. सारजाबाई उठली नाही. मी म्हटले, "बाई, घरी जा, सुटला की सांगतो." ती म्हणाली, "माझा कैवारी लई बळकट हाय, गुरव. त्यो बोलंस्तोवर बसते."

सोमवारी तसेच. तिचे मडके रिकामे झाले, तेव्हा माझी बाळाबाई भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, दवंडी मोडून तिला पाणी देऊन आली. मला घरात येऊन म्हणाली, "माझ्याशी बोलू नगा."

मंगळवारी मी गाभाऱ्यात डोकावलो तेव्हा समईची ज्योत सरळ नव्हती. ती दगडाकडे झुकली होती. वारा नव्हता. कोणी श्वास आत ओढावा आणि सोडूच नये, तशी ती आत ओढलेली होती. त्याच दिवशी गावातली कुत्री अंगणात येऊन देवळाकडे तोंड करून पडली. हाकलली तरी उठेनात, भुंकेनातही. चिंचेवर एक पाखरू नव्हते. जत्रेसाठी आणलेला बोकड अंगणाच्या कडेला चारही पाय रोवून उभा राहिला. कौल अडला म्हणून जत्रा अडली, दोन लग्नांच्या सुपाऱ्या अडल्या. गावात माणसे हळू बोलू लागली, जसे काही घरात कोणी आजारी आहे.

बुधवारी उजवी कळी उमलली. पाण्यावाचून, मुळावाचून, तेलाच्या दगडावर तिचे पूर्ण फूल झाले. मी ते पाहिले, आज साक्षीला बसलेल्या गेनबा खाटप्याने पाहिले, निम्म्या गावाने पाहिले.

गुरुवारी पाटील माझ्या कानाशी आला. "आत जा. दिव्यात तेल घालतो म्हन, आन् पाड त्ये फूल. म्या लोकांस्नी बोलन्यात गुतवतो."

मी गेलो. फुलाला दोन बोटे लावली आणि ओढले. ते आले नाही. मी जोराने ओढले. पाकळी फाटली नाही, देठ वाकला नाही. आतून कोणीतरी ते धरले होते. पाय गाऱ्यात रुततो तसे ते अडकणे नव्हते. मोठ्या माणसाने मनगट धरावे, आणि आपण किती ओढतो ते शांतपणे बघत राहावे, तसे होते. मी ओढले की ते तेवढेच धरायचे. सैल सोडले की सैल. मी तोल सावरायला दुसरा हात टेकला, तो डाव्या कळीला लागला, आणि मेणाची ती कळी सुटून माझ्या पायाशी पडली.

मी तशीच ती उचलून बाहेर आलो. देठाला मेण होते. ते सगळ्यांना दाखवले आणि जे केले ते मोठ्याने सांगितले. कोणाच्या सांगण्यावरून, तेही सांगितले.

पाटील म्हणाला, "गुरव उन्हानं भ्रमलाय."

त्याची म्हातारी आई गर्दीत होती. ती म्हणाली, "मग तू काढ की, आनंदा. फूलच तर हाय."

आनंदराव उंबऱ्याशी गेला. आत वाकून त्याने हात पुढे केला. वीतभर अंतर राहिले. त्याच्या बोटांची सावली फुलावर पडली. त्याने ज्योतीकडे पाहिले. मग हात मागे घेतला आणि देवाला पाठ न दाखवता, उलट्या पावली, अंगणाबाहेर गेला. कोणी हसले नाही. कोणी वाटही अडवली नाही.

आता ते फूल कोणी उतरवावे हा प्रश्न पडला. मी सारजाबाईंना म्हटले, "तुमी या." हे "तुमी" मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा म्हटले. त्या उंबऱ्याशी आल्या. फुलाला हात लावला नाही. नुसती ओंजळ पुढे धरली आणि लेकाशी बोलावे तशा म्हणाल्या, "सोड आता, देवा. हात दुखला आसंल."

फूल ओंजळीत पडले. ज्योत सरळ झाली. आणि गाभाऱ्यातून एक उसासा आला, लांब, पाच दिवसांचा. तो अंगणातल्या शेवटच्या माणसाने ऐकला. कुत्री उठून आपापल्या घरी गेली.

डावी आधीच पडली होती; झरा सारजाबाईंचा राहिला. आनंदरावाचा हात झडला नाही, खाचरे करपली नाहीत. तो पुढे बारा वर्षे जगला आणि आपल्या खाटेवर मेला. लोकांना हे आवडत नाही. लोक सांगताना त्याला रक्त ओकायला लावतात. तसे काही झालेले नाही. देवाने कोणाला मारले नाही, एक फूल धरून ठेवले. तेवढ्यात त्याची पाटीलकी गावाच्या मनातून उतरली.

पावसाळ्यानंतर मी पठारावर माफी मागायला गेलो. त्यांनी ताक दिले. मी मेणाचे बोलू लागलो, तर म्हणाल्या, "त्ये मला पयल्याच दिशी ठावं हुतं. वाऱ्यासंगं पायरीवर वास आला. आमी मधाची पोळी झाडनारी मानसं."

मी म्हटले, "मग वरडला का न्हाई?"

"कुनापुढं वरडू? ज्येच्या खांद्याला लावलं त्येला ठावंच हुतं की."

"आन् त्यानं काई केलं नसतं तर?"

"तर अजून बसले आसते," म्हणाल्या.

तेव्हापासून मी कौल लावलेला नाही. पूजा करतो, पण उजव्या खांद्याला पाणी घालताना त्या दगडाकडे पाहत नाही. तो मात्र माझ्याकडे पाहतो.

कलम पाचवे. आनंदरावाची सून सगुणाबाई, माहेर भोंगवली, गेल्या साली विधवा झाली. मूलबाळ नाही. आनंदरावाचा पुतण्या रायबा तिची खाचरे मागतो. तिच्या दारात काटे टाकतो, तिचे बैल सोडून देतो. आता तो म्हणतो, देवापुढे निकाल होऊ दे. मागल्या सोमवारी तो भिमाशी देवळामागे बोलत होता. भिमा घरी आला तेव्हा त्याला भाकर गेली नाही. मी काही विचारले नाही. मला विचारायची गरज नव्हती.

अट अशी: कौलाच्या दिवशी, कळ्या लावण्याआधी, हे मृत्युपत्र अंगणात सर्वांपुढे मोठ्याने वाचावे, आणि भिमाने ते उभे राहून ऐकावे. मी तोवर जिवंत असलो तरी वाचावे. मग त्याने आपल्या हाताने, नुसत्या पाण्याने, कळ्या लावाव्यात. हे केले नाही तर घर बनाबाईचे. भिमा, तुला रायबाचे भय वाटते हे मला समजते. माणूस पूजा काढून घेईल, घर काढून घेईल. पण त्या गाभाऱ्यात बोटे घालून तू ओढलेस आणि पलीकडून कोणी धरले, तर उरलेला जन्म ती बोटे तुझी राहणार नाहीत. माझी राहिलेली नाहीत.

माझी दुभती गाय सगुणाबाईस द्यावी.

कलम सहावे. रायबाने माझ्या तिरडीला हात लावू नये. ज्ञानू मास्तर विचारतात, हे ठेवू का. खोडा. येईल तर येऊ द्या.

कलम सातवे. सारजाबाईंना मी देवळाजवळचे माझे परसू देऊ केले होते. त्यांनी निरोप पाठवला, "मला काय नगं. साक्षीला बोलवा, येते." म्हणून त्यांच्या नावे काही नाही.

येणेप्रमाणे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहवून, ऐकून, समजून सही करतो.

सही: चिमाजी रखमाजी गुरव

लिहिणाराची टीप: वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांस वाचून दाखवला. सारजाबाई ढेबे, वय साठीच्या आसपास, आज पठारावरून चालत उतरून आल्या. ऐकून म्हणाल्या, "समदं बराबर हाय." भिमा दाराशी उभा राहून सर्व ऐकत होता, त्याने आपण होऊन दऊत पुढे केली. अंगठा दिल्यावर सारजाबाईंनी ओट्यावर बसलेल्या सगुणाबाईस विचारले, "कौल कवा हाय?"

"फुडच्या आयतवारी."

"मग दोघींच्या भाकरी बांधून घे. किती दिस लागत्याल, त्ये काय सांगता येत न्हाई."

साक्षीदार:
१. गेनबा तुकाराम खाटपे, शेती, राहणार करंजखिंड. सही दस्तुर खुद्द.
२. सारजाबाई म्हादू ढेबे, राहणार करंजखिंड पठार. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

लिहिणार: ज्ञानू विठू शिळीमकर, मास्तर.

मुक्काम करंजखिंड, मार्गशीर्ष शुद्ध पक्ष, शके १८६४, तारीख १३ डिसेंबर १९४२, रविवार.