शेवटचा खंड दोघांनी वाचायचा होता

१ फेब्रु., शनि.
आला. सहावा खंड आला! कुरिअरवाला दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, वीट मागवली का?" लेखिकाबाईंनी पाच वर्षं लावली लिहायला, वजन असणारच. खाकी कव्हर घातलं. उघडला मात्र नाही. नियम म्हणजे नियम. सुमेध आणि मी, पार्ल्याची बाग, एकच प्रत, शेजारी बसून. पान संपलं की "झालं?" विचारायचं, दुसऱ्याने "हं" म्हटल्याशिवाय उलटायचं नाही. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत सगळे खंड असेच वाचलेत. तो भरभर वाचतो, मी रखडत. मग तो माझं "हं" येईपर्यंत झाडावरच्या खारी बघतो.
फोन केला तर म्हणाला, "आज नको गं, डोकं दुखतंय." पाच वर्षांनी पुस्तक आलंय आणि ह्याचं डोकं दुखतंय.
आई कोळंबी सोलत होती. "इलो काय तुझो शेवटचो? आता तो राजा मरतलो मां?" मासे साफ करता करता तिने पाचही खंड माझ्या तोंडून ऐकलेत. नावं एक लक्षात ठेवत नाही, सगळे "तो राजा". वर म्हणाली, "पाडव्याक सुमेधच्या घरची येतली बोलणी करूक. तेच्या आधी वाचून संपव. मगे लग्नाच्या गडबडीत येळ गावाचो नाय."

९ फेब्रु., रवि.
आजही नाही. गेल्या रविवारी ऑफिस, आज मावशी. खंड कपाटात, कपड्यांच्या खाली. वर ठेवला तर हात जातो.
चिडले की मला मतं सुचतात, म्हणून लिहून ठेवते. लेखक अडकला की म्हातारा जादूगार काठी वर करतो आणि डोंगर सरकतो, असली पुस्तकं मी रद्दीत घालते. काठी वर करायची होती तर पहिल्याच पानावर करायची, मधे एवढी माणसं कशाला मारली? जादूला किंमत हवी, आणि ती आधी सांगितलेली हवी. बाईंकडे आहे. जादू केली की अंगातली ऊब जाते. आईचा "तो राजा" म्हणजे वेरल, त्याने जादूने नुसती कडी उघडली की बोटं बधिर. नदी अडवली तेव्हा दोन प्रकरणं गोधडीत होता. हा खरा हिशोब.
सुमेधचं उलट. "जादू समजली की जादू कसली? ते गॅसचं बिल झालं." मी म्हणते, बिल येत नसतं तर लोकांनी गीझर कधी बंदच केला नसता. एकत्र वाचलेल्या चारही खंडांत हेच भांडण. आमच्यात दुसरं भांडण कधी झाल्याचं आठवत नाही. बरं लक्षण समजायचे मी.

१६ फेब्रु., रवि.
आमचं वाचक मंडळ आज प्रीतीकडे, अंधेरीला. सगळे जमलो. सहाव्याबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही असं ठरलं होतं, कारण फक्त प्रीतीचा वाचून झाला होता. म्हणून विषय जुनाच घेतला, जादूची किंमत. मी माझं नेहमीचं पुराण लावलं. आता स. गॅसचं बिल काढणार म्हणून हसायच्या तयारीत होते.
तर तो म्हणाला, "पण किंमत जादू करणाऱ्यानेच द्यायची, असं कुठे लिहिलंय? शेजारी बसलेल्याने दिली तर?"
प्रीती एकदम ओरडली, "सुमेध!" तिने माझ्याकडे बघितलं, त्याने चहाच्या कपात.
एवढंच. कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. आजपर्यंत "किंमत नकोच" म्हणणारा माणूस ती कोणी द्यायची असं विचारतोय. हे त्याचं डोकं नाही, हे बाईंचं आहे. त्याने वाचलंय.
येताना रिक्षात तो मेट्रोच्या कामाबद्दल बोलत होता. मी "हं, हं" करत होते.

१७ फेब्रु., सोम.
क्लिनिकमध्ये दिवसभर कान तपासले. एक आजोबा आवाज नसतानाच बटण दाबत होते. म्हटलं, आजोबा, मनाने दाबू नका, ऐकू आलं तरच दाबा. ते म्हणाले, "आता येईल असं वाटतं हो." मीही दिवसभर तेच केलं. सुमेधने अंदाज केला असेल. हुशार आहे तो. प्रीतीने सांगितलं असेल. कुठेतरी वाचलं असेल.
नाही. वाचलंय.

१९ फेब्रु., बुध.
भेटलो. पार्ल्याची बाग, तोच बाक. खंड पिशवीत नेला होता. का नेला देव जाणे.
सरळ विचारलं. "वाचलंस?"
"हो."
"कधी?"
"जानेवारीत. बाहेर आला त्याच आठवड्यात, फोनवर."
"सगळा?"
"सगळा."
"कोणाबरोबर?"
त्यावर हसला, आणि हसताना डोळे भरले त्याचे. "कोणाबरोबर वाचणार गं मी? कोणी नाहीये, मंजू. एकट्यानेच वाचला." मग बराच वेळ बुटाने माती उकरत होता. "तुझ्याबरोबर वाचायला घेतला असता तर मला सांगताच आलं नसतं. हे प्रकरण होऊ दे, मग सांगू. ते होऊ दे, मग सांगू. असं करत पाडवा आला असता."
मग सांगितलं. लग्न नको. माझ्याशी नको असं नाही, म्हणे, पण आत काही उरलेलंच नाही, दिवाळीपासून. रोज वाट बघितली, परत येईल म्हणून. आलं नाही. "तू काहीही चुकीचं केलं नाहीस." हे वाक्य लोक का बोलतात? चुकलं असतं तर निदान दुरुस्त तरी केलं असतं.
ह्यावर मी काय बोलले? रडले? थोबाडीत मारली? मी म्हणाले, "बरं. पण शेवट कसा आहे ते सांगू नकोस हं."
तो रडायला लागला. मला मात्र तेव्हा रडू आलं नाही.

२० फेब्रु., गुरु.
आज आलं. तपासणीच्या बूथमध्ये दार लावून बसले. आतला आवाज बाहेर जात नाही. ह्या नोकरीचा हा फायदा आजवर लक्षातच आला नव्हता.

२३ फेब्रु., रवि.
आईला सांगितलं. बांगडे साफ करत होती, हात थांबले. "तेका कोण दुसरी गावली?" नाही म्हटलं. "मगे?" मगे काय? मगे काहीच नाही. आईला ते पटेना. दुसरी असती तर तिला शिव्या घालायला कोणीतरी मिळाली असती. नुसतं संपलं, हे कोणाच्या तोंडावर फेकायचं?
थोड्या वेळाने म्हणाली, "बोलणी नायत, मगे पुरणाचा काय्येक करूचा नाय." डाळ आधीच आणून ठेवली होती तिने. डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. तो डबा बघून मला जितकं वाईट वाटलं तितकं बागेतही वाटलं नव्हतं.

२ मार्च, रवि.
प्रीतीचा फोन. "यार, एक पुस्तक पुढे वाचलं म्हणून ब्रेकअप?" मंडळात हीच बातमी फिरतेय वाटतं. फिरू दे. खरं कारण सांगण्यापेक्षा हे बरं. मंजिरी खडूस आहे, नियमावरून प्रेम मोडलं. चालेल.
पण खरं सांगू का? मला दोन्हीचं सारखंच दुखतंय. लग्न नको हे कळलं तेव्हा दुखलं, आणि जानेवारीत एकट्याने कुठेतरी बसून, फोनवर अंगठ्याने पानं सरकवत त्याने वेरलचा शेवट वाचला, हे डोळ्यांसमोर येतं तेव्हाही तितकंच. लोकांना हे सांगता येत नाही. वेड लागलंय म्हणतील.

१४ मार्च, शुक्र. धुळवड.
खाली पोरांचा दंगा. खिडक्या लावून घेतल्या आणि कव्हर काढून खंड उघडला. म्हटलं, माझे पैसे, माझं पुस्तक, माझा वेरल. मी सुमेधला भेटायच्या आधीपासून वेरल माझा आहे. पहिला खंड मी कॉलेजात एकटीने वाचलाय, तेव्हा हा कुठे होता?
पहिलं पान झालं. आणि मी थांबले. पान संपलं, डोळे खालच्या ओळीवर, आणि हात काही उलटेना. बसून राहिले. मग कळलं, मी वाट बघतेय. कोणीतरी "झालं?" म्हणेल म्हणून.
प्रत्येक पानाला हेच. वाट लागली नुसती. दुपारपर्यंत जेमतेम एक प्रकरण झालं. शेवटी मीच मोठ्याने म्हणायला लागले, "झालं." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झाला गो?"

२३ मार्च, रवि.
संपला.
आई विचारत होती, राजा मेलो काय. नाही मेला. तो जगला हेच वाईट आहे.
स. बोलला तेच खरं. ऊब वेरलच्या अंगातली नव्हतीच कधी. म्हणजे थोडी होती, बोटांपुरती. बाकी सगळी शेजारी जो असेल त्याच्यातून जायची. आणि वेरलच्या शेजारी कायम कोण? सेनी, त्याची बहीण. त्याला हे माहीत नाही, तिला तिसऱ्या खंडापासून माहीत आहे. ती बोलत नाही, कारण बोलली तर तो जादू सोडेल आणि राज्य जाईल.
उठून तिसरा खंड काढला. आहे. सगळं आहे. भर उन्हाळ्यात सेनी शाल घेऊन बसलेली. जेवताना ताटाऐवजी चुलीकडे सरकणारी. चौथ्यात तर तिचा हात हातात घेऊन वेरल म्हणतो, "किती गार आहेस," आणि पुढच्या वाक्यात लढाई सुरू. मी ह्या जागा किती वेळा वाचल्यात! मला वाटायचं, बाईंनी तिला नाजूक दाखवलंय. नियम नियम करणारी मी, आणि नियम नाकासमोर होता तरी दिसला नाही.
पुस्तक उत्तम आहे. हेच सहन होत नाहीये. भिकार निघालं असतं तर पुस्तकाला आणि सुमेधला एकदमच शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते. मी आजवर वाचलेल्यांत सर्वांत चोख जादू, सर्वांत चोख शेवट, आणि हे जिला समजेल अशी प्रीती, तिला अठ्ठावीस मुद्दे सांगून बघितले. ती म्हणाली, "हो ना, झकास आहे." झकास! फोन ठेवून दिला.
ज्याच्याशी बोलायचं तो माणूस जगात एकच आहे. आणि तो नेमका सुमेधच का असावा?

२६ मार्च, बुध.
त्याचा मेसेज. बागेतल्या त्या दिवसानंतरचा पहिला.
"प्रीती म्हणाली तुझा वाचून झाला. मी जानेवारीपासून शेवटाबद्दल कोणाशीच बोललेलो नाही. मंडळातही आता जात नाही. रविवारी पाचला बागेत येशील का? फक्त पुस्तकाबद्दल. नाही आलीस तरी मी समजू शकतो."
फक्त पुस्तकाबद्दल. आमच्यात पुस्तक सोडून वेगळं काय होतं, ते मला कोणी दाखवून द्यावं. सिनेमे बघितले, फिरलो, त्याच्या आईच्या ऑपरेशनला हॉस्पिटलात बसलो, पण तिथेही गप्पा वेरलच्याच.
आधी राग आला. आपणच हात सोडायचा, आणि बोलायला कोणी नाही म्हणून परत हाक मारायची. मग वाटलं, जानेवारीपासून बिचारा एकटाच घेऊन बसलाय. मग "बिचारा" म्हटल्याबद्दल स्वतःचाच राग आला. उत्तर दिलेलं नाही.

३० मार्च, रवि. पाडवा.
आईने गुढी उभारली. श्रीखंड बाहेरचं. पुरणाचा विषय दोघींनीही काढला नाही.
जेवून खंड घेऊन बसले आणि कागदाच्या चिठ्ठ्या फाडून पानांत घालत गेले. इथे बाईंनी कमाल केलीये, इथे घाई केलीये, इथे स.चं म्हणणं खरं ठरतं, इथे माझं. आई बघत होती. "खय जातंस?" म्हटलं, माहीत नाही. "तेका भेटूक?" म्हटलं, पुस्तकाबद्दल बोलायचंय. मग म्हणाली, "जातंस तर जा. पण रडत इलंस तर माका सांगू नको, माका बघवणा नाय." आणि माझा नवा कुर्ता इस्त्री करून खुर्चीवर टाकून गेली.
आता चार वाजलेत. कुर्ता खुर्चीवरच आहे.
सगळ्यात मोठी चिठ्ठी शेवटच्या प्रकरणात आहे. वेरलला सगळं कळतं, तो जादू सोडतो, आणि सेनी तरीही त्याच्याच शेजारी येऊन बसते. बाईंना ते फार सुंदर वाटलंय. मला अजिबात पटलेलं नाही. मी असते तर शाल गुंडाळून दुसऱ्या खोलीत गेले असते आणि आतून कडी लावली असती. हे मला त्याला तोंडावर सांगायचंय. सांगताना ते पान दाखवायला हवं, नाहीतर तो वाद घालेल, तसं लिहिलेलंच नाही म्हणेल. आणि चिठ्ठ्या घातलेली प्रत एकच आहे. पान दाखवायचं तर शेजारीच बसावं लागेल.