सावरीचा डोंगा

आलापल्ली, ता. २० जून १९५५

ती. रा. इस्तारीभाऊ यांस, मुखरूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

मी इथी लाकडाच्या डेपोत मोजणीले लागलो. काल बाजारात अस्वलवाला आला, त्याच्या मागं अर्धा दिवस गेला, मुकादमानं लय शिव्या घातल्या. अस्वल मात्र झकास होतं. तर सांगत काय होतो? चैतू नावाचा म्हातारा इथी सागाच्या खोडातून नदीचे डोंगे कोरते. किंमत सावरीच्या मऊ लाकडाच्या डोंग्याच्या दुप्पट. पण म्हणते, तुमच्या पोराच्या हाती वल्हं येईपर्यंत थेंब आत येणार नाई. डोंगा न्यायचा सरकारी पास मी काढून देतो. सावरीचा घेऊ नका, भाऊ. तुम्ही घाटावर माणसं पार करता, मासोळ्या नाई. वहिनी म्हणतील, भटक्या शहाणपण शिकवून राह्यला. म्हणू द्या.

माया पातळ होऊ देऊ नका.
आपला मुखरू

---

गोंडपिपरीचा घाट, ता. ११ जुलै १९५५

चि. मुखरूस इस्तारीचे आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधीच, चैतातच डोंगा घेतला होता. सावरीचाच. तू चिडवशील म्हणून कळवलं नाई. हलका आहे, एकटा ओढतो. उरलेल्या पैशात आपल्या बहिणीचं, मैनाचं, पहिलं बाळंतपण निघते. सागावर पैसा घालून तिले काय लाकूड उगाळून पाजू?

सावरीचा डोंगा उन्हाळाभर पाण्यात बुडवून ठेवावा लागते, नाईतर तडकते, हे मलेही ठाऊक आहे. पण औंदा डोहच आटला. रेतीवर पालथा घालून वरून पळसाची पानं झाकली. तरी डोंग्याच्या बुडाले केसाएवढी चीर गेली. राळ आन् चिंध्या भरल्या. तुझी वहिनी डब्यानं पाणी उपसते आन् तुझं नाव घेऊन हसते. चीर काल बोटभर होती, आज वीतभर दिसली. वरूनच दिसते तशी, आत नसेल.

मैनाले आठवा लागला. तिची सासू म्हणते, पूर चढायच्या आत माहेरी न्या. येत्या शनिवारी तिले पलीकडून आणतो. एवढी खेप निघते. दसऱ्यानंतर तुझा साग पाहू.

वेळेवर जेवत जा.
इस्तारी

---

आलापल्ली, ता. १८ जुलै १९५५

ती. रा. इस्तारीभाऊ यांस, मुखरूचा नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र आज सकाळी मिळालं. शनिवार तर परवाच गेला. डाक नाल्यावर अडली होती म्हणते. इथी गुरुवारपासून पाऊस थांबला नाई. तुमच्याकडून आलेला गाडीवान मंगरू सांगत होता, नदी लाल झाली, मोठमोठी झाडं मुळासकट वाहून राह्यली. मी त्याले घाटाचं विचारलं. तो म्हणे, आपण तर शुक्रवारीच निघालो, पुढचं ठाऊक नाई.

चैतूले विचारलं, सावरीची वीतभर चीर किती खेपा चालते. त्यानं तासणं थांबवलं. आपली तंबाखूची पिशवी माझ्यापुढं केली.

मी घाटाकडं निघालो होतो. नाल्याले छातीभर पाणी, मुकादमानं दंड धरून परत आणलं. त्याले म्हटलं, माझ्या मजुरीतून काप, पण चैतूले सागाचा डोंगा आजच माझ्या नावानं ठेवाले सांग. तो म्हणे, आता कायची घाई? असं काऊन म्हटलं असेल त्यानं?

मैना घरी आली असेल. पाय भिजले म्हणून तुमच्यावर रागावली असेल, चुलीजवळ बसून वहिनीले सासूच्या गोष्टी सांगत असेल. तिले म्हणा, पोरगी झाली तर मी नाव ठेवणार. तिनं हो म्हटलं की नाई तेही कळवा.

दोनच ओळी पाठवा. मास्तरकडून लिहून घेऊ नका. कोणाजवळ निरोप देऊ नका. तुमच्या हातानं लिहा, भाऊ.

तुमचा,
मुखरू