त्रेचाळीस हरकती

३ जुलै, बुधवार

वाहवा! आंधळ्यांच्या शाळेत शाईची नोटीस! बारा दिवस व्हरांड्यात चिकटवलेली. शिपाई साईनाथने आज सहज वाचून दाखवली. "बाई, मला वाटलं तुम्हाला माहितीय."

टेंभी नाक्याजवळची आमची शंभर वर्षांची इमारत ट्रस्ट विकणार. मुलांची सोय डोंबिवलीत, भाड्याच्या जागेत. हरकतींना मुदत पंधरा दिवस. म्हणजे उरले तीन!

मी इथेच शिकले. सव्वीस वर्षं इथेच ब्रेल शिकवतेय. बघतेच कशी विकतात ते.

४ जुलै

विश्वस्त सुदेशरावांना फोन केला. "अहो शालनताई, कुणाचीच हरकत आलेली नाही." कशी येईल? डोळ्यांत धूळ फेकायला आम्हाला डोळे तरी हवेत!

सगळ्या मुलांना ब्रेलची पाटी-टोचणी देऊन बसवलं. ज्याने त्याने आपलं लिहायचं, मी बघणार नाही. जेवणाची घंटा झाली तरी टकटक चालूच.

५ जुलै

धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत त्रेचाळीस हरकती दाखल. कारकून म्हणतो, "मॅडम, हे तर कोरेच कागद आहेत." म्हटलं, हात लावून बघा. "पण हे वाचणार कोण?" — मी! बोलवा सुनावणीला. पोचपावतीवर शिक्का मारून घेतला तेव्हाच हलले.

१६ जुलै, मंगळवार

सुनावणी. आयुक्त साहेबांनी गठ्ठा माझ्या हातात दिला. वाचत सुटले. सम्यक लिहितो, इथे मला काठी लागत नाही. ऐश्वर्याला भिंतींवरून वर्ग ओळखू येतात.

मग रुचिताचा कागद. नऊ वर्षांची पोर. 'मी जिन्यावरून तीनदा पडले. कठडा हलतो. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, होईल सवय. मला दुसरी शाळा पाहिजे.'

बोटं थांबली. सुदेशराव खाकरले. मी म्हटलं, "हिचंही तेच. हीच शाळा पाहिजे." आणि पुढचा कागद घेतला. कुणाला कळणार होतं?

विक्रीला स्थगिती! मुलांनी बाकं बडवून शाळा डोक्यावर घेतली. मला पेढा गोड लागला नाही.

१८ जुलै

रुचिता मधल्या सुट्टीत आली. "बाई, माझं वाचल्यावर साहेब काय म्हणाले?"

उद्या तिला घेऊन साहेबांकडे जातेय. स्थगिती गेली तर जाऊ दे. तिचं ती वाचेल.