किरमिजी लोकर

११ डिसेंबर १९५६, मंगळवार

शाळेतून आले तर मामंजी खिडकीशी खोकत बसलेले. मफलरचं एक टोक खांद्यावर, दुसरं जमिनीवर. दम्याने वाकले की मफलर आधी घसरतो. सासूबाई आतून म्हणाल्या, "अग, तो गोल विणत होतीस ना यांच्यासाठी, टोकं नसलेला? त्याचं काय झालं?"

ट्रंकेत आहे म्हटलं.

"मग काढ की."

इतकं सहज म्हणाल्या. जानेवारीपासून ती ट्रंक मी उघडलेली नाही, हे त्यांना माहीत नाही असं कसं होईल? मामंजी बाहेर बघत राहिले.

१३ डिसें., गुरुवार

काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास डोक्यात गेला. गोल सुई तशीच, तारेवर सगळे टाके धरून. निळा पट्टा, मग मोहरी, राखाडी, शेवाळी, पुन्हा निळा. शेवटचा फेरा अर्धा.

त्या दिवशी हे घराबाहेर पडले तेव्हा मी विणत होते. दुपारी विणत होते. तिन्हीसांजेला अनंतराव ती बातमी घेऊन जिना चढून आले तेव्हाही हातात हेच होतं. म्हणजे यातले काही फेरे हे असतानाचे आणि काही नसतानाचे. दिवा लावून बसले, फेरा फेरा बोटाने चाचपला. कुठे बदललं ते कळत नाही. टाके सगळे सारखेच आलेत. हात जरासुद्धा अडखळला नाही माझा.

परत घडी केली. विणलं नाही.

१६ डिसें., रविवार

अनंतराव येऊन गेले. ह्यांच्याच ऑफिसातले, आता गल्लीतल्या मंडळाचं सगळं तेच बघतात. वर्ष होतंय, तर नाक्यावर नावाची पाटी लावायची ठरलंय. 'हुतात्मा श्रीधर'. सभा, हार, मामंजींच्या हस्ते पाटी उघडायची. मी दोन शब्द बोलावे असं त्यांना वाटतं.

मग पुन्हा ती हकीकत. मागे सांगितलं तेव्हा हे गर्दीत पुढे उभे होते. गणपतीत सांगितलं तेव्हा घोषणा देत होते. आज म्हणे छाती उघडी करून उभे राहिले. अनंतराव स्वतः त्या दिवशी तिकडे नव्हतेच. खोटं बोलतात असंही नाही, त्यांना तसंच दिसत असणार. दर खेपेला हे थोडे उंच होतात.

मामंजी ऐकताना ताठ बसले होते. अर्धा तास खोकला नाही.

मी चहा टाकायला आत गेले. आधण उकळून आटलं.

१८ डिसें., मंगळवार

कुठेच लिहिलं नव्हतं. आज लिहिते.

गेल्या जानेवारीत त्या आठवड्यात शहर पेटलेलं होतं, मोर्चे निघत, पोलिसांच्या गोळ्या सुटत. कधी कर्फ्यू, कधी सूट. त्या सकाळी जरा शांत होतं. निळ्यानंतर शेवटचा पट्टा किरमिजी घालायचा होता, आणि माझ्याकडे तो रंग संपला होता. ती लोकर दादरच्या एकाच दुकानात मिळे. मी म्हटलं, जाऊन या ना, दुपारपर्यंत याल. हे म्हणाले, "आज? आज नको ग, कुमुद." मी म्हटलं, राहू दे मग, माझं कधी एक काम... आणि तोंड फिरवलं. बस, इतकंच. ओरडले नाही, भांडले नाही. फुरंगटून बसले.

हे हसले. चपला घातल्या. "दे तुझा नमुना." मी एक वीतभर धागा कापून दिला, तो त्यांनी चष्म्याच्या घरात ठेवला.

लालबागला गोळीबारात सापडले. इस्पितळातून घड्याळ आलं, रुमाल आला, चष्म्याचं घर आलं. त्यात धागा नव्हता. लोकरीचं पुडकं नव्हतं.

ते दुकानापर्यंत पोचलेच नाहीत, की परत येताना...? अकरा महिने हेच.

आणि आता पाटी.

२१ डिसें., शुक्रवार

विणायला बसले शेवटी. दहा-बारा टाके घातले आणि दिसलं की मफलरला पीळ आहे. गोल विणताना पहिल्याच फेऱ्यात टाके सरळ आहेत ना ते बघून मग जोडायचे, शाळेत मुलींना मी पहिलं तेच सांगते. इथे मीच चुकले आणि पाच पट्टे विणून होईपर्यंत लक्षात आलं नाही. दुरुस्ती एकच, सगळं उसवायचं.

सासूबाईंनी बघितलं. "उसव नि पुन्हा घाल. तुझा हात काय, आठवड्यात होईल."

"नको."

"वाकडं ठेवणार?"

सुई पुन्हा हातात घेतली. हे समोर आडवे पडून पेपर वाचत असताना विणलेले फेरे आहेत ते. उसवायचे कसे? गळ्यात दोन वेढे घेतले की पीळ कुणाला दिसायचा नाही.

सासूबाईंनी थोडा वेळ हातात धरला, बोटांनी पीळ शोधला, आणि परत दिला.

२३ डिसें., रविवार

दाराची कडी कोणी दोनदा वाजवली. हे तशीच वाजवत, दोनदा, मध्ये जरा थांबून. सासूबाई ताटावरून उठल्या, "आले रे" म्हणत दारापर्यंत गेल्या. शेजारच्या विमलाबाई, विरजण मागायला. सासूबाईंनी विरजण दिलं, दार लावलं, येऊन बसल्या, भात कालवला. कोणी कोणाकडे बघितलं नाही.

नाताळच्या सुटीत दादरला जायचं. ठरवलं.

२६ डिसें., बुधवार

गेले. घरी सांगितलं शाळेच्या कामाला जाते. लालबाग मागे पडेपर्यंत डोळे मिटून बसले. दादरला उतरले तर समोर एक माणूस, तीच पाठ, तीच एक खांदा पाडून चालायची तऱ्हा. फुलवाल्यांच्या गर्दीतून मी त्याच्या मागे गेले, दुकान मागे राहिलं तरी गेले. त्याने वळून बघितलं. कोणीतरी. देवीचे व्रण असलेला, भलताच तरुण.

दुकानदार म्हातारे, ओळखीचे. इतक्या दिवसांनी, म्हणाले. मग माझ्या कपाळाकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. मी किरमिजी लोकर मागितली. तो रंग येत नाही आता, म्हणाले. मग सांगून टाकलं. गेल्या जानेवारीत, दंगलीच्या दिवसांत, चष्मेवाले, असे असे एक गृहस्थ...

ते स्टुलावर चढले. वरच्या फळीवरून एक पुडकं काढलं, धूळ झटकली. सुतळीत माझा धागा बांधलेला.

"आले होते की. मी फळ्या लावत होतो, म्हणाले एक मिनिट थांबा. घेतली, पण नेली नाही. म्हणाले ठेवा तुमच्याकडे, लालबागला जरा काम आहे, तासाभरात येताना नेतो. नाव सांगितलं नव्हतं, बाई. नाहीतर मी पाठवली असती."

काय काम? ते नाही बोलले, म्हणाले. घाईत होते का? "नाही हो. हसत होते. म्हणाले, रंग चुकला तर घरात घेणार नाहीत."

पुडकं छातीशी धरून आले. सगळा रस्ता.

२९ डिसें., शनिवार

रंग तंतोतंत जुळतो. एवढ्या वर्षांत एकदाही ह्यांना रंग बरोबर आणता आला नव्हता. मोहरी सांगितला तर लिंबू आणत.

लालबागला काय काम? ऑफिस फोर्टात. मित्र सगळे गिरगावात. मामंजींची बहीण राहायची तिथे, आत्याबाई, पण तिच्याकडे हे सणासुदीलाच जात. मग अनंतराव म्हणतात तसं...? मला न सांगता जात होते का सभांना? लोकरीचं निमित्त मिळालं म्हणून हसले का?

मी पाठवलं म्हणून गेले, हे वर्षभर सोसलं. आता कळतंय, त्यातला निम्मा रस्ताच माझा. उरलेला कोणाचा ते माहीत नाही. हलकं वाटायला हवं. उलट ह्यांना मी ओळखत नव्हते असं वाटतं. आठ वर्षं एका खोलीत.

किरमिजीचा पहिला फेरा घातला.

२ जानेवारी १९५७, बुधवार

सासूबाई देवळात गेल्या होत्या. मामंजी एकटे. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. लोकर, फुरंगटणं, दादरचं दुकान, पुडकं, "लालबागला जरा काम आहे". सगळं एका दमात. म्हटलं, मामंजी, हे मोर्च्याला गेले नव्हते. मी पाठवलं होतं. ती पाटी मला बघवणार नाही.

त्यांनी मफलरचं घसरलेलं टोक खांद्यावर घेतलं.

मग म्हणाले, "लालबागला मी पाठवलं."

"तुम्ही?"

"तू दादरला पाठवत होतीस, मला ऐकू आलं. जिन्यापाशी गाठून म्हटलं, जातोच आहेस तर आत्याकडेही डोकाव, एकटी आहे, घाबरली असेल. तुला काय वाटलं, पाटीसाठी मी ताठ बसतो? अनंतराव सांगतो ना, तेवढा वेळ मला वाटतं तो स्वतःच्या मनाने गेला होता. तेवढाच वेळ."

आणि मग खोकल्याची उबळ. पाणी दिलं. पाठ चोळली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पाठीला हात लावला. नुसती हाडं.

३ जाने., गुरुवार

दिवसभर शाळेत एकच. लालबागच्या कामाची गोष्ट आधी मी काढली. त्यांनी नंतर म्हटलं, मी पाठवलं. मी थांबले असते, दुकानदार काय म्हणाला ते सांगितलं नसतं, तर ते तसं म्हणाले असते का?

आत्याबाईंना विचारावं तर त्या श्रावणात गेल्या.

त्या सकाळी मामंजी जिन्यापाशी गेले होते का? आठवून आठवून बघते. चपला आठवतात, चष्म्याचं घर आठवतं. मी तोंड फिरवून बसले होते. मागे काय झालं ते मला कसं दिसणार?

६ जाने., रविवार

सासूबाई अंगणात, म्हणजे गॅलरीच्या टोकाला, सुके बोंबील साफ करत होत्या. मला म्हणाल्या, बस इथे. डोकी मोडत मोडत, माझ्याकडे न बघता:

"हे तुला काय बोलले ते मला सांगितलंन यांनी. ऐक. तो गेला त्याच्या आदल्या रात्री यांना दमा होता. पहाटे औषध दिलं, ते दहापर्यंत उठले नाहीत. श्रीधर गेला नऊला."



"म्हणजे मामंजी खोटं..."

"मी देवघरात होते. उठून गेले असतील, मला दिसलं नसेल. मी काय शपथ घेऊ? पण चाळीस वर्षं बघते, यांना खोटं कधी जमलं नाही. आणि तुमचं दारातलं बोलणं मी ऐकलं होतं, ते सांगते. लोकरीचं."

"तुम्हाला माहीत होतं? पहिल्यापासून?"

"घर केवढं आहे, कुमुद."

मग म्हटलं, तरी मला मफलर पुरा करायला सांगितलंत. त्यावर त्या पहिल्यांदा वर बघून म्हणाल्या, "तू तो ट्रंकेत ठेवून मला रोज ट्रंकेवर बसलेली दिसायचीस." थोड्या वेळाने, "एकीने म्हणायचं मी पाठवलं, एकाने म्हणायचं मी पाठवलं. दोघांनी वाटून घेतलंत त्याला. मला कोणी विचारलं का, मला काय हवंय?"

विचारलं. काय हवंय?

"नाव हवंय. नाक्यावर. येताजाता वाचता येईल असं. खरं-खोटं देव बघेल."

बोंबलांचं सूप उचलून आत गेल्या.

९ जाने., बुधवार

अनंतरावांना रस्त्यात गाठून अर्धंमुर्धं सांगितलं. हे लोकर आणायला गेले होते, एवढंच. मामंजींचं नाव घेतलं नाही.

ते थबकले. मग म्हणाले, "वहिनी, गोळी विचारून लागते का? दूध आणायला गेलेलेही गेले त्या दिवसांत. ते कोणाचे?"

"पण तुम्ही सांगता ते, छाती उघडी करून..."

मान खाली घातली त्यांनी. म्हणाले, "त्या दिवशी मी घरी होतो. दार लावून. श्रीधर बाहेर पडला आणि मी नाही, एवढं मला माहीत आहे." डोळे भरले होते. रागवायला गेले होते, रागवता येईना.

आता पाटी तुम्ही म्हणाल तशी, म्हणाले. नको म्हणालात तर नको.

११ जाने., शुक्रवार

मफलर झाला. टाके बंद केले, धागे आत ओवले. रंग बदलतो तिथे पट्ट्यांना एकेक बारीक पायरी पडते, ती पडलीच आहे. मामंजींच्या गळ्यात घातला, दोन वेढे. खोकून वाकले, घसरला नाही. त्यांनी किरमिजी पट्ट्यावर बोट ठेवलं. "हाच का?"

हो म्हटलं.

"उबदार आहे," म्हणाले.

विचारावंसं वाटलं, मामंजी, खरं सांगा. त्यांचं तोंड बघितलं. नाही विचारलं. खरं बोलले असतील तर ते ओझं मी त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेणार. खोटं बोलले असतील तर त्यांनी एवढं करून दिलेलं मोडणार.

१३ जाने., रविवार, सकाळ

पाटी रंगवणारा खाली येऊन बसलाय. रंगाचे डबे उघडलेत, चाळीतली माणसं भोवती उभी आहेत. अनंतरावांनी खालून हाक मारली, "वहिनी, नुसतं 'श्रीधर' लिहायचं, की आधी 'हुतात्मा'? की राहू दे? तो खोळंबलाय."

मामंजी म्हणाले, तू म्हणशील ते. सासूबाई देवघरात आहेत, पण घंटा वाजत नाहीये, म्हणजे ऐकतायत.

मी गॅलरीतून म्हटलं, वर या, सांगते. आणि येऊन ही वही उघडली, लिहिता लिहिता सुचेल म्हणून. ह्यांनाच विचारलं असतं तर हसले असते, एवढंच येतंय डोळ्यांसमोर. कशाला हसले असते ते येत नाही.

अनंतराव जिना चढतायत. दुसरा मजला झाला.