न्हाणीघरात न पडलेल्या सुताराची निरवानिरव

मी, खाली सही करणार, वय एक्याऐंशी, धंदा सुतारकाम, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. खुबा मोडून रुग्णालयात होतो तेव्हा रोज सकाळी नवा डॉक्टर मला आजचा वार विचारी. मी बरोबर सांगे, तरी तो खात्रीसाठी माझ्या मुलाकडे बघे. मुलाला वार ठाऊक नसे.

कलम १. राहते घर माझ्या पश्चात ~~मुलाला~~ सूनबाईला. न्हाणीघराला आधाराच्या आणखी दांड्या बसवू नयेत. आहेत त्या सातांवर टॉवेलच वाळतात.

कलम २. करवत, रंधे, पटाश्या व गुण्या ही हत्यारे रुग्णालयात व्यायाम करवून घेणाऱ्या मुलीला. बाकीच्यांसाठी मी 'बावीस नंबरचा खुबा' होतो. तिने विचारले, "काका, काम काय करायचात?" सांगितल्यावर म्हणाली, "मग वॉकरची उंची तुम्हीच सांगा." मी बोटभर वाढवायला लावली. त्या दिवशी चार पावले चाललो. तिला हत्यारांचा उपयोग नाही, तरी द्यावीत.

कलम ३. मला दोनदा दिवसभर उपाशी ठेवून शस्त्रक्रिया पुढे ढकलणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना काहीही नाही. हाड मात्र त्यांनी झकास बसवले.

कलम ४. मी न्हाणीघरात घसरलो, असे सर्व कागदांवर आहे. ते खोटे आहे. मी न्हाणीघराबाहेर, स्वतः बनवलेल्या स्टुलावरून पडलो. सरस वाळेपर्यंत वजन टाकू नका, असे पन्नास वर्षे गिऱ्हाइकांना बजावले. आणि स्टुलाच्या दुपारी चिकटवलेल्या पायाच्या भरवशावर संध्याकाळी दिवा बदलायला चढलो. पाय निखळला. हे तोंडातून निघेना, म्हणून ओल्या फरशीचे नाव घेतले.

बोल लागला सूनबाईला. मुलगा सर्वांदेखत म्हणाला, "जरा फरशी पुसली असतीस तर?" भेटायला येणारे तिच्याकडे बघून मान हलवत. कवळी काढलेली आहे या सबबीवर मी गप्प राहिलो. तीच सहा महिने मला उठवते, बसवते, धुते, पुसते. मला तिच्यासमोर लाज वाटते. ती निर्दोष आहे.

कलम ५ (नंतर जोडलेले). साक्षीला आलेले शेजारचे मास्तर कलम ४ वाचून सही करेनात. म्हणाले, "तुम्ही गेल्यावर तिला हे कळून काय उपयोग? आत्ता सांगा." म्हणून सूनबाईला बोलावून वाचून दाखवले.

तिने माळ्यावरून जुन्या चादरीत गुंडाळलेले स्टूल काढून आणले. मला वाटले होते, ते मी पडलो त्याच दिवशी भंगारात गेले.

"अँब्युलन्स यायच्या आत उचलून ठेवलं होतं, बाबा," ती म्हणाली. "फरशी काय, कधी राहते पुसायची. पण तुमच्या कामाला लोकांनी नावं ठेवली असती."

मुलाला हे मी स्वतः आज जेवताना सांगणार आहे. कलम १ मधील खाडाखोड माझ्या हातची असून शुद्धीत केली आहे.

सही: सुतार
साक्षीदार: शेजारचे मास्तर; कोपऱ्यावरचा औषधवाला (दोघांनीही स्टुलावर बसण्यास नकार दिला)
दिनांक: पडल्यापासून एकशे नव्वदावा दिवस, बुधवार
ठिकाण: सूनबाईचे घर